गुरुवारचं रीडिंग

काचेचा एक कण, डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक, आम्ही निर्वात डबीत लेसरच्या प्रकाशावर अधांतरी धरून ठेवायचो. मग क्षणभर प्रकाश बंद. कण पडायला लागतो, प्रकाश त्याला पुन्हा झेलतो. तेवढ्यात तो बाजूला किती सरकला, त्यावरून त्याला ओढणारं बळ मोजायचं. बळ नगण्य, पण माझी सगळी पीएचडी त्यावर अडली होती.

कारण रोज दुपारी साडेबाराला कण एकाच बाजूला जास्त सरकायचा आणि तासाभराने ताळ्यावर यायचा. गुरुवारी मात्र रीडिंग स्वच्छ.

साडेबाराला वडील यायचे. हडपसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते बिबवेवाडीहून बसने माझा डबा आणायचे आणि माझं जेवण होईपर्यंत प्रयोगशाळेबाहेर, भिंतीला लागून खुर्चीत बसायचे. त्यांच्या वजनाने जमीन केसभर कलत असणार, असा मी निष्कर्ष काढला. गुरुवारी त्यांचा उपास, दुपारी देवळात असायचे; त्या दिवशी ते येत नसत. आणखी काय पुरावा हवा होता?

"बाबा, उद्यापासून येऊ नका. तुमच्यामुळे माझं रीडिंग बिघडतं," मी फटकन म्हणाले.

"एवढा जड झालो का गं मी?" ते हसले. रिकामा डबा पिशवीत घातला आणि गेले.

पुढचे तीन आठवडे यंत्र उघडून आरसे बदलण्यात गेले. घरी ते रोज विचारायचे, "आता नीट येतंय ना?" मी काहीच मोजलेलं नसायचं, तरी "हो" म्हणून मोकळी व्हायचे. त्यातच एका सकाळी चहा घेता घेता ते गेले. हृदयविकार.

तेराव्यानंतर कामावर आले, कण धरला. साडेबाराला तो सरकला. तेवढाच, त्याच बाजूला. बाहेरची खुर्ची रिकामी होती.

शिपाईकाकांना विचारलं, या वेळेला इमारतीत काय होतं?

"पाणी येतं की, ताई. तुमच्या लॅबच्या भिंतीपलीकडची टाकी भरते, मग पंपाने वर चढवतो. गुरुवारी पाणी बंद."

गुरुवारी पाणी बंद, हे अख्ख्या पुण्याला पाठ आहे. मलाही होतं. मला माझीच शिसारी आली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तू नको म्हणालीस, तरी साडेअकरा वाजले की शर्ट चढवून, डबा भरून तयार. मग मीच म्हणायचे, अहो, आता जायचं नाहीये तुम्हाला."