दिवाळीतली द्राक्षं

हातगाड्यावर द्राक्षांची पेटी उघडली की त्या वासासरशी मला लातूरकडच्या एका बागेतली भिजलेली माती आठवते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्या वर्षी पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून सायकलवर द्राक्षबाग बघायला कधी निघायचं, हे दोघा मित्रांनी माझ्यावर सोपवलं. सुट्टी आणि थंडी बघून मी दिवाळी ठरवली. अर्धा दिवस पायडल मारून पोचलो, तर मांडवावर नुसत्या काड्या! "घ्या, पंडितानं काड्या खायला आणलं," एक मित्र म्हणाला. बागवाली मावशी हसली. "लेकरांनो, आत्ताच छाटणी झाली. द्राक्षं फाल्गुनात. तवर पाणी पुरलं तर!" विहीर आटली होती आणि टँकरचं पाणी ती एकटीच घागरीनं वेलांना घालत होती. तसंच परत फिरायची मला लाज वाटली. चाचरत म्हणालो, "मावशी, एक घागर मला द्या." मित्र कुरकुरत का होईना, आले. दिवस मावळेपर्यंत आम्ही चार ओळी भिजवल्या. फाल्गुनात परीक्षा तोंडावर असताना मी पुन्हा सायकल काढली. निम्मी बाग वाळली होती. आमच्या ओळींतलीही एक गेली होती, पण तीन लगडल्या होत्या. मावशीनं पहिला घड तिथलाच तोडून दिला. आता कुणी विचारलं, तिकडं सायकलनं कधी जावं, तर मी फाल्गुन सांगतो. आणि साल दुष्काळाचं असेल, तर दिवाळीत जा म्हणतो.