अण्णांचा कोट आणि वहिनीचं मशीन

आमची थोरली वहिनी शिवणकाम करायची. हात असा बसलेला, की नुसत्या नजरेनं बाही बेतायची. शाळेच्या गणवेशांचं काम दाराशी चालून आलं, तेव्हा तिला काजं करायचं मशीन घ्यायचं होतं. हातानं काजं करत बसली असती, तर पोरं पुढच्या इयत्तेत गेली असती.

पैसे देणार पेढीवाले अण्णा. माणूस सरळ, पण रीत जुनी: तारणाची वस्तू त्यांच्या मागच्या खोलीत गेलीच पाहिजे. तिथं सायकली, घड्याळं, एक बाजाची पेटी, सगळं मुकाट धूळ खात पडलेलं. वहिनीचं शिलाई मशीनही तिथंच जाणार होतं.

वहिनी म्हणाली, "अण्णा, गाय तुमच्या गोठ्यात बांधली, तर दूध मी कुणाचं काढू?"

अण्णांना पटलं. मशीन वहिनीपाशीच राहील, हप्ते थकले तरच उचलू, म्हणाले. पण वस्तू डोळ्यांसमोर नाही म्हटल्यावर जिवाला घोर लागला, आणि वहिनीच्या शिवणाच्या दुकानात बसून त्यांनी करारात तारण म्हणून लिहिलं: दुकानातला सगळा माल. दादा आमचा देवमाणूस, लगेच सहीला वाकला. वहिनीनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. गिऱ्हाइकांची कापडं गहाण टाकायला ती तिची थोडीच होती? बोभाटा झाला असता तर दुकानाची पायरी कोण चढलं असतं?

खुंटीवर अण्णांचाच कोट होता. पोट वाढत चाललेलं, म्हणून तिसऱ्यांदा उसवलेला. वहिनीनं तो त्यांच्यापुढं धरला.

"मग हाही लिहा की. दुकानातच आहे."

स्वतःचा कोट स्वतःकडेच तारण! अण्णा हसता हसता ठसकले. ती ओळ खोडून त्यांनी नवी लिहिली: काळं, पायानं चालणारं शिलाई मशीन, चाकाचा टवका उडालेलं. वहिनीनं झोकात सही केली, अण्णांनी पैसे हातावर ठेवले, करार पक्का झाला.

काजं धडाधड पडली, गणवेश वेळेत गेले. शेवटच्या हप्त्याला अण्णा स्वतः करार परत द्यायला आले आणि जाता जाता कोट मागू लागले.

"शिलाई द्या, अण्णा. तोवर कोट माझ्याकडे तारण," वहिनी म्हणाली, "आणि माझी रीत तुमचीच, वस्तू माझ्या खोलीत."

अण्णांनी निमूट खिशात हात घातला. वहिनीचे पाय मशीनवर चालूच होते, आणि मशीन आपल्या जागेवरून तसूभरही हललं नव्हतं.