इना कोंगाने ठेवून घेतलेली नर्स

...तर मोटार चिंचेखाली थांबली, पण ड्रायव्हरने इंजिन काही बंद केलं नाही. इना कोंगाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

जावाहून आलेले आरोग्यखात्याचे विर्योसाहेब तिच्या ओसरीवर टेकले. "इना, आपल्या सरकारनं साऱ्या जगापुढं शब्द दिलाय. नर्सविना एकही बाळंतपण होणार नाही. ही बघा तुमच्या गावची नर्स, युब्लिना. आज राजधानीतनं आयोगाची माणसं हेच तपासायला येतील. नर्स आली, एवढं सांगा म्हणजे झालं."

"आली ते दिसतंय. राहणार कुठं?"

"ते बघू नंतर."

इना मघाच मोटारीत डोकावून आली होती. नर्सची पेटी नाही, चटई नाही. टेकडीवरच्या आरोग्यघराला रंग तेवढा नवा, कुलूप गंजकं तेच. त्या कुलपापायीच तिची थोरली लेक बाळंतपणात शहराच्या वाटेवर, घोड्याच्या पाठीवर, रक्त जाऊन मेली होती. आणि आता तिची सून, दांगा, दिवसांत होती.

"सांगते की," इना गोड हसली आणि पानाची टोपली तिनं नर्सपुढं सरकवली. "घे बाळ. दमली असशील."

युब्लिना इथल्याच सुंबा बेटाची पोर. म्हाताऱ्या माणसाचं पान नाकारणार कशी? तिनं सुपारी तोंडात टाकली. आता सुंब्यात रीत अशी, की यजमानाचं पान चघळलेल्या पाहुण्यानं त्या घरची कोंबडी खाल्ल्याशिवाय पायरी उतरायची नाही. उतरलाच, तर त्या घराचं नाक कापलं. विर्योसाहेबांना याचा गंधही नव्हता. पान नको म्हणून ते बाटलीतलं पाणी पीत बसले होते.

आयोगाची माणसं आली. इनानं त्यांना छातीठोकपणे सांगितलं, "नर्स आलीय. माझ्याच घरी उतरलीय." फोटो निघाले, माणसं गेली. साहेब खूश होऊन उठले.

"चल गं, युब्लिना."

युब्लिना जागची हलेना. "मला नाही येता येणार, सर. यांचं पान खाल्लंय मी. जेवल्याशिवाय निघाले तर माझी आईच मला घरात घ्यायची नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मग इना, कापा की कोंबडी. वेळ कशाला लावता?"

इनानं दाराआड उभ्या असलेल्या सुनेकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली, "आत्ता कशी कापू, साहेब? कोंबडी अंड्यांवर बसलीय, आणि सूनही दिवसांत आहे. दोघींचं नीट पार पडू दे. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही निघा. हिला ठेवून जा."