डाव्या पिळाचे मिस्त्री

मिस्त्री वायरीचा जोड डोळे मिटून तपासत. जोड पुरा झाला, वर वितळवून ओतलेलं सोल्डर थंड झालं, की पक्कड खाली ठेवायची, डोळे मिटायचे आणि अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. कुठं जरा बोचलं की सगळा जोड कापून टाकत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, टेपच्या आत कोण बघायला जातंय?" तर म्हणाले, "टेप म्हंजे अंगावरची कापडं, सायब. आतलं माणूस धड पायजे की."

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. डिप्लोमा घेऊन मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चादरींच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून लागलो. वय बावीस, खिशाला दोन पेनं आणि जगातलं सगळं ठाऊक असल्याचा आव. हाताखाली माणूस एकच, मिस्त्री. वयानं माझ्या वडिलांएवढे. सांगोल्याकडचे धनगर. पोरवयात मेंढरांमागून चालता चालता त्यांनी लोकर कातली होती. मेंढरं गेल्यावर ते सोलापुरात आले आणि कुणाकुणाच्या हाताखाली राबत वायरमन झाले. लायसन नव्हतं, लिहिणं सहीपुरतं. पण लोकरीला पीळ द्यायची सवय बोटांतून गेली नव्हती, आणि त्यातून ते डावखुरे. त्यामुळे त्यांच्या जोडाचे वेढे साऱ्या जगाच्या उलट, डावीकडे जात. शेडमधल्या सगळ्या विणकरांना हे माहीत होतं. शेठजींना नव्हतं, त्यांनी उभ्या आयुष्यात एकही जोड उघडून पाहिला नव्हता.

जोड कसा करायचा हे मी पुस्तकात वाचून पास झालो होतो. हातानं करायला शिकलो ते मिस्त्रींकडून. वायरीवरचं रबर सोलताना सुरी तिरकी धरायची, पेन्सिलीला टोक काढतो तशी. "सरळ फिरवली की तांब्याला चीर पडती. ती दिसत न्हाय, पर तार तितंच मरती." मग तारा लखलखेपर्यंत घासायच्या, दोन्हीकडच्या तारा बोटांसारख्या पसरून एकमेकींत गुंतवायच्या, एकीकडच्या दुसरीकडे घट्ट गुंडाळायच्या, वर सोल्डर. हे सगळं ते असं दाखवत की बघणाऱ्याला वाटावं, मीच त्यांचं काम तपासतोय. "सायब, बगा बरं, बरोबर हाय का?" असं चारचौघांत विचारत. मी मान डोलवून "ठीक आहे" म्हणे. हा त्यांचा चांगुलपणा होता, हे मला कळत नव्हतं. तो मला माझा मान वाटे.

घाई हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. माग बंद पडले की शेठजी दारात येऊन ओरडत. मिस्त्री "व्हय शेठजी, झालंच" म्हणत आणि हात तेवढ्याच वेगानं चाले. मला सांगत, "घाई असंल तर जोड करूच न्हाय. माग थांबू द्या. थांबल्याला माग कुणाला खात न्हाय."

एके दिवशी मिस्त्री बायकोला घेऊन दवाखान्यात गेले होते, दुपारी यायचे होते. सकाळीच मागांच्या एका रांगेची वायर तुटली. शेठजी बाहेरगावचे व्यापारी घेऊन शेडमध्ये उभे. मला हुशारी दाखवायची खुमखुमी आली. टोकं घासली नाहीत, सोल्डर केलं नाही. दोन्हीकडच्या तारांना हातानं चार वेढे दिले आणि वर अर्धं बंडल टेप गुंडाळली. माग सुरू झाले. शेठजी व्यापाऱ्यांना म्हणाले, "आमचे साहेब." मी फुगलो. दुपारी मिस्त्रींनी येऊन विचारलं, "काय झालतं का, सायब?" त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी अर्ध्या तासात तो जोड नीट केला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण माझा जोड ते डोळे मिटून तपासणार आणि कापून टाकणार, हे मला सोसवेना. मी म्हणालो, "काही नाही, फ्यूज गेला होता."

पंधरा दिवसांनी तो जोड तापून पेटला. शेडमध्ये सुताचा भुगा सगळीकडे बसलेला असतो, त्यानं आग धरली. तीन माग जळाले, आणि वाळू टाकायला धावलेल्या मल्लय्या विणकराचा हात कोपरापर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या टेबलावर वर्तमानपत्रात तो अर्धवट जळालेला जोड ठेवला होता. समोर मिस्त्री आणि मी. मिस्त्रींनी सुरीनं उरलेली टेप सोलली. आतले वेढे उजवीकडे गेलेले. त्यांनी ते पाहिलं, जोड माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "सायबांना इचारा. त्ये शिकल्यालं हाईत."

ते थांबले. मी बोलावं म्हणून थांबले होते, आणि चांगला वेळ थांबले. त्या महिन्यात माझं लग्न ठरत होतं. मुलीकडचे लोक कारखान्यात चौकशी करून गेले होते. मी टेबलावरच्या वर्तमानपत्रातला मजकूर वाचत राहिलो.

शेठजींनी विचारलं, "मिस्त्री, हा जोड बरोबर आहे?"

"न्हाय, शेठजी. असा जोड आगच लावंल."

"मग?"

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "मग काय," ते म्हणाले, "जोड वाईट हाय."

"उद्यापासून येऊ नका," शेठजी म्हणाले. मिस्त्रींनी पिशवी उचलली आणि जाताना मला म्हणाले, "येतो, सायब."

नंतर शेठजींनी माझ्याकडून अहवाल लिहून घेतला. मी तो झकास इंग्रजीत लिहिला: जोडकाम सदोष होते, वायरमनकडे परवाना नव्हता. दोन्ही वाक्यं खरी होती. इतकं नीचपणाचं लिखाण माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

हाताला पट्टी बांधलेला मल्लय्या आठवड्यानं आला. म्हणाला, "साहेब, मिस्त्रीचा जोड आम्ही हातानं चाचपून ओळखतो. याचा पीळ कुठल्या बाजूचा होता हो?" मी म्हणालो, सगळं जळून गेलं होतं. तो "बरं" म्हणाला. त्या दिवसापासून शेडमध्ये मला नमस्कार सगळे करत, गप्पा कुणी मारत नसे.

मिस्त्रींना पुन्हा कुठल्या कारखान्यानं घेतलं नाही. जिथं जात तिथं आगीची बातमी त्यांच्या आधी पोचलेली. नवी पेठेत एका दुकानाच्या पायरीवर बसून ते टेबलफॅन आणि इस्त्र्या दुरुस्त करू लागले. ते लांबून दिसले की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाई. अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी मात्र राहवेना, म्हणून एका दुपारी पायरीसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी फडक्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला, घरच्यांची चौकशी केली. मी सगळं बोललो: फ्यूजचं खोटं, शेठजींसमोरचं गप्प बसणं, तो अहवाल. बोलताना रडलोही. मला वाटत होतं, आता हे रागावतील किंवा माफ करतील, आणि काही झालं तरी मी सुटेन.

मिस्त्रींनी हातातली वायर खाली ठेवली. "ह्ये मला कशापायी सांगताय, सायब?" ते म्हणाले. "मला म्हाईतच हाय की. ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांगा. शेठजी हाईत की अजून."

मी "हो" म्हणालो, चहा संपवला आणि उठलो.

शेठजी त्यानंतर अकरा वर्षं होते. रोज सकाळी दहाला मी त्यांच्यासमोर उभा राहत असे.