शेवटचा तास चंद्र

आमच्या सडक अर्जुनीच्या शाळेत स्टाफरूमचं कपाट एकच आहे, अन् तेही धड बंद होत नाही. किस्से ठेवायचे कुठं? म्हणून डब्बा खाताना आम्ही ते एकमेकांच्या डोक्यात ठेवून देतो. यंदाचे सगळे चंद्राचे आहेत, अन् त्याला जबाबदार मी. मी विज्ञान शिकवतो.

*

झालं असं, दहावीचा रिझल्ट घसरला अन् हेडसरांनी त्यांचा शेवटचा, पी.टी.चा तास काढून मला देऊन टाकला. पी.टी.चे बोपचे सर पुढच्या वर्षी रिटायर होणार. जायच्या आधी पोरींची कबड्डी टीम जिल्ह्याला न्यायची, एवढी एकच हौस उरलेली, अन् तासच गेला. दोन दिवस माणसानं डब्बा उघडला नाही. मला खूप वाईट वाटलं, पण तास मी घेतला.

तिसऱ्या दिवशी ते माझ्याच वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. गुरुत्वाकर्षण चालू होतं. मी सांगितलं, चंद्रावर गेलेल्यांपैकी एकानं तिथं गोल्फचा बॉल टोलवला, दुसऱ्यानं काठी भाल्यासारखी फेकली.

बोपचे सर उभे राहिले. "म्हणजे चंद्रावर बी पी.टी.चा तास हाय. आपल्याच शाळेत नाही."

*

मग पोट्ट्यांना नादच लागला. तिथं वजन सहावा हिस्सा, उडी लांब जाते, म्हटल्यावर एकीनं विचारलं, "सर, मंग लांब उडीचा खड्डा केवढा खंदा लागन?"

मागून आवाज आला, "आपला खड्डा तीन सालापासून खंदून राहिले. तू चंद्राचं कायले विचारतेस?"

*

क्रिकेटही निघालं. आमच्या इथं बॉल बाजूच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात गेला की मालक शिव्या देतो, बॉल देतच नाही. बोपचे सर म्हणाले, "तिथं बॉल दूर जाते, पण शिव्या देणारा कोणी नाही. मी तं तिकडचीच बदली मांगतो."

हेडसर दारात उभे होते. म्हणाले, "अर्ज माझ्या थ्रू पाठवा."

*

तपासणीला साहेब यायचे होते. हेडसरांना विज्ञानाचं काहीतरी दाखवायचं होतं. बोपचे सर म्हणाले, "चंद्रावरची कबड्डी दाखवू." नावात चंद्र होता, परवानगी मिळाली.

मैदानावर पोरी हळूहळू, तरंगत खेळायला लागल्या. दहावीची रोशनी चढाईला गेली. ओठ हलत होते, आवाज नाही.

साहेबांनी विचारलं, "बेटा, कबड्डी-कबड्डी का म्हणत नाहीस?"

रोशनीनं वळूनही पाहिलं नाही.

"अवो पोरी, सायब विचारून राहिले," हेडसर म्हणाले. रोशनी तशीच तरंगत पुढं गेली. हेडसरांचा चेहरा उतरला. बोपचे सरांनी डोळेच मिटले.

रोशनीनं एकीला शिवलं, रेषेवर परत आली, तेव्हा बोलली. "सर, तिथं हवा नाही, आवाज ऐकू येत नाही. पण मंधात तुमच्याशी बोलली असती तं दम तुटला असता, बाद झाली असती."

साहेब खूश. शेरेबुकात लिहून गेले, विज्ञानाचा तास रोज असाच मैदानावर घ्यावा.

*

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात शेवटचा तास बदलला. तिथं पी.टी. लिहायला हेडसरांचा हात धजेना, म्हणून नुसतं लिहिलं, चंद्र. माझा तास परत बोपचे सरांकडे गेला अन् मला पहिल्यांदा बरं वाटलं.

परवा रोशनीचे वडील तिला लवकर न्यायला आले. ऑफिसबाहेर आमचा चपराशी दयाराम बसला होता.

"आमची पोरगी कुठं हाय, गा?"

दयारामनं घड्याळ पाहिलं. "चंद्रावर गेली हाय, बोपचे सरासंगं. येते घंटा झाल्यावर. बसा."