कडेची अक्षरं

इराचा फोन आला तेव्हा मी वॉटफर्डच्या सुपरमार्केटमध्ये सेल्फ-चेकआउटच्या मशीनशी भांडत होते. मेथीची जुडी त्या मशीनला काही केल्या ओळखता येईना. "सुमनमावशी, आई गेली," इरा म्हणाली. मी विचारलं, "कुठे गेली?" ...आणि मग मला कळलं. सकाळी चहाचं आधण ठेवलं, ओट्याशीच कोसळली, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. मेथी तिथेच टाकून मी बाहेर आले. खरं सांगते, मला रडू नाही आलं, राग आला. कारण नलू आणि मी एकोणीस दिवस एकमेकींशी बोलत नव्हतो. तीस वर्षांच्या मैत्रीतला पहिला अबोला, आणि तो मोडायच्या आधी ही बाई निघून गेली! त्याला आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणे. लिहीन. पण आधी भांडणाचं सांगायला हवं, कारण नलू काय चीज होती ते त्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

नलिनी मूळची नागपूरची, संस्कृतची एम.ए. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे इंग्लंडला आली आणि एका सेकंडरी स्कूलच्या किचनमध्ये डिनर लेडी म्हणून लागली. बावीस वर्षं तिने मुलांच्या ताटात मॅश आणि मटार वाढले. मी डोंबिवलीची, कौन्सिलच्या पार्किंग विभागात. आमची घरं एकाच रस्त्यावर, त्यामुळे संध्याकाळचा चहा एकत्र. एक दिवस ती तिच्या शाळेचं एक जुनं पुस्तक घेऊन आली. शाळेतलं लॅटिन बंद झालं होतं आणि लॅटिनच्या बाईंनी कपाटातली पुस्तकं टाकून द्यायला बाहेर काढली होती. नलूने एप्रनवरच त्यातलं एक उचललं होतं. "अगं सुमे, नामं चालवायची, विभक्त्या, धातू, सगळं आहे बघ यात. हे तर माझं माहेर निघालं!" तेव्हा ती पन्नाशीला आलेली. मला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे, उतरेल. कसलं उतरतंय!

दोन-तीन वर्षांत ती त्या पुस्तकावरून त्या साधूवर आली. इंग्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मठात बाराशे वर्षांपूर्वी राहून गेलेला एक संन्यासी. त्याने लॅटिनमध्ये बायबलवर भाष्य लिहिलं, ईस्टरचा दिवस कसा काढायचा ते लिहिलं, चंद्र आणि भरती-ओहोटी यांचं नातं लिहिलं. पण स्वतःचं नाव मात्र कुठेच लिहिलं नाही. अभ्यासक त्याला लांबलचक काहीतरी म्हणतात, नलू त्याला 'बुवा' म्हणायची. "आमचे बुवा आज चंद्राला चतुर्दशीला नेऊन बसलेत, पुढे जायचं नावच घेत नाहीत," असं ती चहाचा कप तोंडाला लावत सांगायची, जणू शेजारच्या घरातली गोष्ट. त्या बुवांची एक सवय होती. जे वाक्य, जी माहिती दुसऱ्याकडून घेतली असेल, तिच्यापुढे पानाच्या कडेला ते त्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर लिहून ठेवायचे. मोठमोठ्या धर्माचार्यांची अक्षरं, आणि त्यांच्याच खाली, त्याच शाईत, किनाऱ्यावरच्या एका कोळ्याचं अक्षर. कारण उधाणाचं पाणी किती वेळ उशिरा येतं, ते बुवांना कोळ्यानेच सांगितलं होतं. पुढे ज्यांनी ज्यांनी ते ग्रंथ उतरवून घेतले त्यांनी ही अक्षरं गाळली. पसारा वाटला असेल! एका प्रतीत तेवढी उरली. ती प्रत बघायला नलू मला घेऊन गेली होती. काचेखालच्या त्या पानावर बोट न लावता बोट फिरवत म्हणाली, "संत आणि कोळी एका कडेला बसलेत, सुमे. सगळ्यांनी मिळून कोळ्याला उठवला."

त्याच आठवड्यात तिने बुवा मराठीत आणायला घेतले. इथल्या मराठी मंडळात कळल्यावर एकेकाच्या भुवया बघायला हव्या होत्या. गणपतीच्या कार्यक्रमात एक काका तिला म्हणाले, "नलिनीताई, ख्रिश्चन साधूला कशाला मराठीत आणताय? आपले संत संपले का?" नलू जिलबी वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "संपले नाहीत हो. त्यांचं काम करायला तुम्ही आहात ना? मग करा की!" काकांची जिलबी ताटातच राहिली. एका युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरबाईंना तिने शंका विचारायला ईमेल पाठवला, तर त्यांचं उलट विचारणं की मराठीत याला रीडरशिप आहे का? नलूने उत्तर पाठवलं, "आत्ता एक आहे. माझी शेजारीण. ती टाईप करते." ही शेजारीण म्हणजे मी.

तिची कामाची पद्धत बुवांचीच. लाल मार्जिनची जाड वही, हिरवं पेन, आणि मार्जिनच्या बाहेर अक्षरं. नागपूरच्या बाईला समुद्राचं काय ठाऊक? मग तिने रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावच्या एका काकूंचा नंबर मिळवला आणि दर रविवारी त्यांना फोन लावायला लागली. मोठं पाणी म्हणजे उधाण, आणि अष्टमीच्या सुमाराचं अंगात जोर नसलेलं पाणी म्हणजे भांगाची भरती, हे काकूंनी सांगितलं. वहीत त्या शब्दांपुढे काकूंचं 'का' आलं. मंडळातल्या त्या जिलबीवाल्या काकांनी सुद्धा पुढे पंचांगातला एक शब्द सुचवला. तो घेतला आणि त्यांचं अक्षर कडेला लिहिलं. "ते तुला टोमणा मारून गेले होते ना गं?" मी विचारलं. "टोमणा त्यांच्यापाशी ठेवला. शब्द चांगला होता," ती म्हणाली.

मी रिटायर झाले आणि तिच्या वह्या टाईप करायला घेतल्या. आठ महिने, रोज सकाळी, डोळ्यांत ड्रॉप्स घालून घालून. शेवटी तीनशेच्या वर पानांचा प्रिंटआउट स्पायरल बाइंड करून मी तिच्या टेबलावर ठेवला, आणि वाट बघत बसले की आता ही मला मिठी मारेल. तिने चष्मा लावला, दहा-बारा पानं उलटली, मग भराभरा पुढची. "सुमे, अक्षरं कुठायत?"

"कुठली?"

"कडेची."

"ती होय? ती गाळली मी. पान किती स्वच्छ दिसतंय बघ तरी."

तिने प्रिंटआउट मिटला. "बाराशे वर्षं सगळ्यांनी जे केलं, तेच तू केलंस," ती म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. ते थंड बोलणं माझ्या डोक्यात गेलं. आठ महिने मान मोडून बसले आणि वर हे ऐकायचं? मी पर्स उचलली आणि दारात उभी राहून म्हणाले, "चुकलं माझं! नसता आगाऊपणा केला, बस!" आणि दार आपटून आले. एकोणीस दिवस दोघीही एकाच रस्त्यावरून जात-येत होतो. तिच्या खिडकीत दिवा दिसायचा. एकदा तर तिने हात वर केल्यासारखं वाटलं, मी मान फिरवली. आज ती मान फिरवल्याचं आठवलं की माझाच मला संताप येतो... पण तेव्हा मी फिरवली, हे खरं आहे.

ती गेल्यावर महिन्याभराने इरा मला भेटायला आली. नलूची एकुलती लेक, इथेच जन्मलेली, ईलिंगला राहते. मराठी बोलते, वाचता मात्र जेमतेम येतं. पुण्याच्या एका प्रकाशनाच्या संपादकांनी तिला ईमेल केला होता, पुस्तक काढायला ते तयार होते. नलूने त्यांना वह्यांचे फोटो पाठवून ठेवले होते, आणि त्यांना ती कडेची अक्षरं नको होती. वाचकाला अडथळा होतो, पानांची मांडणी बिघडते, त्यापेक्षा शेवटी 'अनेकांचे आभार' अशी एक ओळ टाकू, असं त्यांचं म्हणणं. "मावशी, तो एडिटर खूप नाइस आहे," इरा म्हणाली. "लेटर्स काढलं तर बुक लवकर होईल. आणि तुझा फाइलमध्ये तर लेटर्स नाहीच आहे, ऑलरेडी क्लीन आहे. तीच पाठवू या ना? आईचा ड्रीम होता." माझी फाइल! माझी ती गुणाची, स्वच्छ फाइल आता नलूच्या पुस्तकाच्या मुळावर उठली होती. मी म्हटलं, "फाइल मिळणार नाही. आधी चल माझ्याबरोबर."

नलूच्या घरी इरा अजून वरच्या खोलीत गेली नव्हती. "आईचा खोली मी उघडलाच नाही," म्हणाली. मी उघडली. वह्या टेबलावर ओळीने होत्या. मी भरती-ओहोटीची वही काढून तिच्यापुढे धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वाच." ती अडखळत वाचू लागली, "पाणी... मागे... सरतं, तेव्हा समुद्र घरी जातो." "आता कडेला बघ." कडेला हिरव्या शाईत 'इ' होतं. मी तिला सांगितलं, चार वर्षांची असताना आम्ही तिला साउथएंडच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं होतं. ओहोटी लागली, पाणी दिसेनासं झालं, आणि ही भोकाड पसरून रडली, 'आई, समुद्र घरी गेला!' बुवांचं ते वाक्य नलूला दोन वर्षं जमत नव्हतं. मग तिला ते रडणं आठवलं. "मी दिलं हे? मला आठवत पण नाही," इरा म्हणाली. "तुला कशाला आठवायला हवं? तिने लिहून ठेवलंय ना." इराने त्या अक्षरावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग नाक पुसत म्हणाली, "मावशी, त्याला सांग, नो."

सांगितलं. कौन्सिलमध्ये वीस वर्षं मी लोकांची पार्किंगची अपिलं फेटाळली आहेत, 'नाही' कसं लिहायचं ते मला कुणी शिकवू नये. अक्षरं नाहीत तर पुस्तक नाही, एवढंच लिहिलं. संपादकांचा फोन आला, "सुमनताई, वाचक गोंधळेल हो." म्हटलं, "गोंधळू दे. मराठी वाचक काय दूधखुळा आहे? बुवांच्या कोळ्याला एकदा उठवला, आमच्या मिऱ्याच्या काकूंना कोण उठवतंय ते मी बघते." ते म्हणाले, "बरं, प्रेसवाल्यांशी बोलून बघतो." बघा म्हटलं. नाहीच जमलं तर वॉटफर्डच्या लायब्ररीतल्या प्रिंटरवर एकेक पान काढीन, पण अक्षरांसकट काढीन.

आता मी पुन्हा पहिल्या वहीपासून टाईप करायला बसले आहे. बसण्याआधी सगळ्या वह्या एकदा चाळल्या, तेव्हा शेवटची हातात आली. बुवांचा शेवटचा परिच्छेद, तो माझ्या फाइलमध्ये नव्हताच. नलू त्याच्यावर अडून बसली होती. बुवा तिथे पुढे येणाऱ्या, ग्रंथ उतरवून घेणाऱ्या माणसाची विनवणी करतात. नलूचं वाक्य असं आहे, 'मी कोणाकडून काय घेतलं ते कडेला लिहिलं आहे, भावा. ते गाळून...' पुढे 'हस्तक्षेप' लिहून खोडलेलं. मग 'ढवळाढवळ', तेही खोडलेलं, जुन्या फिकट शाईत. आणि त्यांच्यावर, ताज्या हिरव्या शाईत, '...नसता आगाऊपणा करू नकोस.' मार्जिनच्या बाहेर, ठसठशीत, 'सु'.

मी जोरात हसले आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले. मी दार आपटून आले, आणि ही बाई वही उघडून बसली! टोमणा तिकडे ठेवला, शब्द घेतला, आणि कोणाचा ते लिहून ठेवलं.

त्या पानापर्यंत पोचायला मला अजून सहा-सात महिने लागतील. ते एक अक्षर मात्र मी आधीच टाईप करून ठेवलंय. काढून तर दाखवा.