विटेची उत्तरपूजा

श्रीगजाननाला वंदन करून, आज नवे उपरणे खांद्यावर घेताना जुन्याची कथा सांगतो.

कोल्हारला प्रवराकाठी मी जप करीत असता एका अनोळखी बाईंच्या गाभण शेळीने माझ्या उपरण्याचे टोक चघळून टाकले. बाईंनी ते घाईने ओढून घेतले, पदराने पुसले आणि पुन्हा पुन्हा नमस्कार केला.

"महाराज, ही माती खाती, चिंध्या खाती. अंगात क्षार कमी हायेत म्हनून डाक्टरनं चाटायची वीट दिली."

"मग ती चाटत नाही का?"

"चाटंल कशी? घरात नवी वस्तू आली, म्हनून मी हळद-कुंकू वाहून देव्हाऱ्यात ठिवली. आता देवाला जनावराचं तोंड कसं लावू? पर हिच्या पोटातल्या जिवाचं काय?"

मी त्यांच्या घरी गेलो, विटेवर अक्षता वाहिल्या आणि विसर्जनापूर्वी गणपती हलवतात तशी ती किंचित हलवून यथासांग उत्तरपूजा केली. शेळीने आधी अक्षता खाल्ल्या, मग डोळे मिटून वीट चाटू लागली.

बाई हात जोडून म्हणाल्या, "बघा महाराज, आमच्यापरीस हिचीच भक्ती खरी!"

वाचकहो, आपल्या घरातील आणि गोठ्यातील प्रत्येक मुखात त्याचा घास वेळेवर पडो, आणि आपली उपरणी अखंड राहोत.